नवा कॅमदंड आणि झडपेची स्प्रिंग

१९६४ च्या जानेवारीत मोंटे कार्लोची हिवाळी मोटार-स्पर्धा एका अगदी चिमुकल्या गाडीने जिंकली, तेव्हा मोटारींच्या जगात मोठे नवल वाटले. गाडी होती ब्रिटनमध्ये बनलेली मिनी-कूपर एस, चालक पॅडी हॉपकर्क आणि सहचालक हेन्री लिडन. एंजिनाचे आकारमान अवघे १,०७१ घन सेंटिमीटर. पुढे १९६५ साली टिमो माकिनेन ह्यांनी आणि १९६७ साली राउनो आल्टोनेन ह्यांनी त्याच जातीच्या, परंतु १,२७५ घन सेंटिमीटर एंजिनाच्या गाडीतून तीच स्पर्धा जिंकून दाखविली.

हे एंजिन मुळात स्पर्धेसाठी जन्माला आलेले नव्हते. 'ए-मालिका' ह्या नावाने ओळखले जाणारे हे चार सिलिंडरांचे एंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० ह्या साध्या कौटुंबिक गाडीत प्रथम बसले. त्या वेळी त्याचे आकारमान ८०३ घन सेंटिमीटर होते. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस ह्यांनी रचलेल्या मिनी गाडीत ते ८४८ घन सेंटिमीटर झाले आणि ३४ अश्वशक्ती देऊ लागले. १,२७५ घन सेंटिमीटरच्या कूपर एस मध्ये मात्र त्याच घराण्याचे एंजिन ७६ अश्वशक्ती देत असे. आकारमान दीडपट आणि शक्ती सव्वादोन पट, असा हा हिशोब आहे. आकारमानाने जी वाढ समजावून देता येत नाही, ती मुख्यतः एंजिनाचा श्वासोच्छ्वास सुधारून आणि त्याला अधिक वेगाने फिरू देऊन मिळविलेली होती. ह्या घराण्याचे थोरले भावंड, म्हणजे 'बी-मालिके'चे १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन, भारतीयांच्या चांगल्या परिचयाचे आहे. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे बनणाऱ्या अँबॅसेडर गाडीत ते अनेक वर्षे बसविले जात होते. तिचे बॉनेट उघडून रॉकरवरील झाकण काढलेले ज्याने पाहिले असेल, त्याला पुढील वर्णनातील सर्व अवयव ओळखता येतील.

एंजिनाचा श्वास झडपांतून चालतो. कारखान्यात ह्यांना सरसकट 'व्हॉल्व्ह' म्हणतात. प्रत्येक सिलिंडराला एक झडप मिश्रण आत घेण्यासाठी व दुसरी जळलेले वायू बाहेर सोडण्यासाठी असते. कॅमदंडावरील अंड्याच्या आकाराचा उंचवटा, म्हणजे कॅम, फिरता फिरता टॅपेटला वर उचलतो. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला, आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेच्या दांडीला खाली दाबते. झडप उघडते. येथवरचे सर्व काम कॅमचे. परंतु कॅम फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. उघडलेली झडप परत बैठकीवर आणणे आणि मधल्या सर्व काळात टॅपेट, पुशरॉड व रॉकर ही मंडळी कॅमला चिकटून ठेवणे, हे सर्वस्वी स्प्रिंगचे काम होय. कॅमने आज्ञा द्यावी आणि स्प्रिंगने ती पाळून घ्यावी, असा हा व्यवहार आहे.

एंजिनांच्या आरंभकाळात स्प्रिंगवर इतकी जबाबदारी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कित्येक एंजिनांत मिश्रण आत घेणाऱ्या झडपेला कॅमच नसे. दट्ट्या खाली जाताना जी पोकळी निर्माण होई, तिच्या ओढीने ती झडप एका नाजूक स्प्रिंगच्या विरुद्ध आपोआप उघडे. हे एंजिन संथ चालीचे होते तोवर ठीक चालले. वेग वाढला तसतशी ही आपमतलबी झडप मागे पडू लागली आणि तिलाही कॅमच्या ताब्यात द्यावे लागले.

जुन्या गाड्या जपणाऱ्या लोकांना आपल्या एंजिनातून थोडी अधिक शक्ती काढण्याचा मोह होतो आणि पहिली नजर कॅमदंडावर जाते. मिनीचे उत्पादन २००० साली थांबले. तरी ए-मालिकेच्या एंजिनासाठी निरनिराळ्या घडणीचे कॅमदंड मिळतात. नवा कॅम झडपेला अधिक उंच उचलतो व अधिक काळ उघडी ठेवतो. त्यामुळे वरच्या वेगात सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते. येथपर्यंत गणित सोपे आहे. चूक पुढे होते, आणि ती दोन परस्परविरोधी प्रकारांनी होते. कोणी नवा कॅमदंड घालून जुन्याच स्प्रिंगा परत बसवितो, तर कोणी दुकानात मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग आणतो. पहिल्याचे एंजिन शक्ती देण्यापूर्वीच अडखळते आणि दुसऱ्याचा नवा कॅम काही दिवसांत झिजून जातो.

असे का होते, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण अशा एंजिनांत आढळणाऱ्या आकड्यांहून ते फारसे वेगळे नाहीत.

प्रथम वजन. झडप ६० ग्रॅम, तिच्या वरची टोपी व लॉक मिळून २० ग्रॅम. स्प्रिंगचे वरचे टोक पूर्ण हलते आणि खालचे मुळीच हलत नाही, म्हणून तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, २० ग्रॅम, हिशोबात धरतात. रॉकरच्या फिरण्याबद्दल २० ग्रॅम. टॅपेट व पुशरॉड मिळून १२५ ग्रॅम धरू. परंतु ए-मालिकेच्या एंजिनात रॉकरचे झडपेकडील टोक पुशरॉडकडील टोकाच्या साधारण सव्वापट हलते, म्हणजे पुशरॉडची बाजू झडपेपेक्षा मंद गतीने हलते. तिचे वजन झडपेच्या बाजूस मोजताना सव्वाच्या वर्गाने भागावे लागते, आणि १२५ ग्रॅमचे ८० ग्रॅम होतात. एकूण २०० ग्रॅम.

आता गती. चार धावांच्या एंजिनात कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल, तर कॅमदंड ३,००० फेरे करतो, म्हणजेच प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते व मिटते. नव्या कॅमची उचल झडपेपाशी ९ मिलिमीटर आहे असे समजू. त्यांपैकी पहिले ३ मिलिमीटर उचलताना कॅम झडपेला वेग देतो. उरलेल्या ६ मिलिमीटरांत तो वेग शून्यावर आणावयाचा असतो, आणि त्यासाठी कॅमदंड सुमारे ३५ अंश फिरतो. ह्या वेगाला ३५ अंश फिरण्यास लागणारा काळ म्हणजे सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग. एवढ्या काळात ६ मिलिमीटरांवर थांबायचे, तर झडपेचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या सुमारे सव्वातीनशे पट त्वरेने कमी व्हावा लागतो. २०० ग्रॅम वजनाला इतक्या त्वरेने आवरण्यासाठी लागणारा भार होतो ६५ किलोग्रॅम. म्हणजे एखाद्या प्रौढ माणसाने आपल्या सर्व वजनानिशी प्रत्येक झडपेच्या दांडीला उलट दिशेने रेटावे, तेही सेकंदातून ५० वेळा, असा हा प्रकार आहे. हा भार देणारी स्प्रिंगखेरीज दुसरी कोणतीही वस्तू तेथे नाही.

ह्या हिशोबातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लागणारा भार एंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ४५ किलोग्रॅम पुरतात, ६,००० ला ६५ लागतात, ७,००० ला ८८. वरच्या प्रत्येक हजार फेऱ्यांची किंमत खालच्यांपेक्षा जबर असते.

जुनी स्प्रिंग झडप मिटलेली असताना २५ किलोग्रॅम भार देत असेल आणि प्रत्येक मिलिमीटर दाबल्यावर तिचा भार अडीच किलोग्रॅमने वाढत असेल, तर ९ मिलिमीटर उघडलेल्या झडपेवर ती साडेसत्तेचाळीस किलोग्रॅम भार देईल. लागतात ६५. मग काय होते? मिनिटाला ५,१०० फेऱ्यांच्या आसपास स्प्रिंग हरते. कॅमचा माथा खालून निघून जातो, पण झडप, रॉकर व पुशरॉड आपल्या जडत्वाने पुढेच जात राहतात. टॅपेट कॅमवरून सुटतो. ह्याला झडप 'तरंगणे' म्हणतात. तरंगलेली झडप उशिरा परतते. तिला हळुवारपणे बैठकीवर टेकविण्यासाठी कॅमच्या उतरणीला दिलेला मंद उतार तोवर निघून गेलेला असतो, म्हणून ती बैठकीवर आपटते, उसळते आणि पुन्हा आपटते. चालकाला एवढेच कळते की एंजिन फडफडू लागले व पुढे चढेना. पण आत झडपेच्या मानेवर दर सेकंदाला चाळीस-पन्नास घाव बसत असतात. वर येणाऱ्या दट्ट्याने उशिरा मिटणाऱ्या झडपेला गाठले, तर दांडी वाकते. झडपेचे डोके तुटून सिलिंडरात पडले, तर दट्ट्या, सिलिंडर-हेड आणि कधी कधी सर्वच एंजिन निकामी होते. जो कॅम ६,००० फेऱ्यांपर्यंत शक्ती वाढवीत नेण्यासाठी आणला, त्याचे खरे फळ मिळण्याआधीच हा प्रसंग ओढवतो.

मग ६५ ऐवजी १०० किलोग्रॅमची स्प्रिंग का बसवू नये? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. कॅमच्या माथ्यावर सर्वांत अधिक दाब एंजिन भरधाव असताना नव्हे, तर ते संथ फिरत असताना पडतो. भरधाव वेगात स्प्रिंगच्या भाराचा मोठा हिस्सा झडपेला आवरण्यात खर्च होतो आणि कॅमवर थोडाच उरतो. संथ वेगात आवरण्यासारखे काहीच नसते. मिनिटाला १,००० फेऱ्यांना त्यासाठी पावणेदोन किलोग्रॅम पुरतात. बाकी सर्व भार कॅमच्या निमुळत्या माथ्यावर येतो, आणि तोही रॉकरमुळे सव्वापट होऊन. आपल्या उदाहरणात ७५ किलोग्रॅमची स्प्रिंग घेतली, तर ६,००० फेऱ्यांना कॅमच्या माथ्यावर साडेबारा किलोग्रॅमच उरतात, पण १,००० फेऱ्यांना ९० हून अधिक. स्प्रिंग १०० किलोग्रॅमची केली, की संथ वेगातील हा भार १२० च्या वर जातो. टॅपेट आणि कॅम एकमेकांना एका बारीक रेषेवरच स्पर्श करीत असल्यामुळे हा सर्व दाब त्या रेषेवर एकवटतो. संथ वेगात तेलाचा थरही पातळ असतो. शहरातल्या गर्दीत, सिग्नलपाशी उभी राहून गुरगुरणारी गाडी आपला कॅम सर्वांत जलद झिजवीत असते, ते ह्यामुळे. पुशरॉड लचकणे व रॉकरचा दांडा खाल्ला जाणे हे दोष वेगळेच.

म्हणून लागणाऱ्या भाराहून सुमारे १५ टक्के अधिक, एवढीच शिल्लक ठेवणे शहाणपणाचे. आपल्या उदाहरणात ती ७५ किलोग्रॅम होते. मिटलेल्या झडपेवर ३९ किलोग्रॅम आणि प्रत्येक मिलिमीटरला ४ किलोग्रॅमची वाढ देणारी स्प्रिंग ९ मिलिमीटर दबल्यावर बरोबर ७५ देते. ताणाच्या प्रमाणात बल, हा स्प्रिंगांचा नियम रॉबर्ट हूक ह्यांनी १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली उघड केला. कारागीर आजही तोच नियम कागदावर मांडून स्प्रिंग निवडतो.

भार जुळला म्हणजे काम संपले असे नाही. स्प्रिंगला दबायला जागाही हवी. ती स्प्रिंग ४ मिलिमीटर जाडीच्या तारेची व सहा वेढ्यांची असेल, तर पूर्ण दबल्यावर तिची लांबी २४ मिलिमीटर राहील. त्यापुढे ती स्प्रिंग नसून पोलादी नळी होते. झडप मिटलेली असताना स्प्रिंगची बसविलेली लांबी ३४ मिलिमीटर असेल, तर पूर्ण उचलीला ती २५ उरते. वेढ्याला वेढा भिडण्यास अवघा १ मिलिमीटर बाकी! मूळच्या ८ मिलिमीटर उचलीच्या कॅमला हीच जागा ऐसपैस होती. अशा वेळी कोणी भार वाढविण्यासाठी स्प्रिंगखाली १ मिलिमीटरची चकती, म्हणजे शिम, सरकविली, तर ४ किलोग्रॅम भार वाढेल हे खरे. पण पूर्ण उचलीला वेढे भिडतील, कॅम मात्र फिरतच राहील, आणि ह्या झटापटीत पुशरॉड वाकेल किंवा रॉकर मोडेल.

शिमचा योग्य उपयोग निराळा आहे. साठ वर्षांच्या एंजिनात बैठका अनेकदा घासलेल्या असतात. बैठक जितकी खोल गेली, तितकी झडपेची दांडी वर आलेली असते आणि स्प्रिंगची बसविलेली लांबी वाढलेली असते. एका झडपेपाशी ती ३४, दुसरीपाशी ३५, तर तिसरीपाशी साडेचौतीस, असे सर्रास आढळते. १ मिलिमीटरच्या फरकाने ४ किलोग्रॅम भार बुडतो. आठही झडपांपाशी ही लांबी वेगवेगळी मोजून, पातळ शिम घालून ती सारखी करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक बिघाडांचे मूळ ते टाळण्यात असते. त्याच वेळी टोपीची खालची बाजू आणि गाइडचे वरचे टोक ह्यांतील अंतरही पाहावे. ते पूर्ण उचलीपेक्षा निदान १ मिलिमीटरने अधिक हवे, नाहीतर टोपी गाइडवर आपटते. दट्ट्या आणि झडप ह्यांतील जागा पाहण्याची युक्ती जुनी व खात्रीची आहे. दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देऊन हेड बसवावे, भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि हेड काढून मातीत उमटलेल्या खळग्याची जाडी मोजावी.

जुनी स्प्रिंग किती थकली आहे, हे पाहण्यासही मोठे यंत्र लागत नाही. नवी व जुनी स्प्रिंग टोकाला टोक लावून व्हाइसमध्ये दाबल्या, तर जी अधिक दबते ती दुबळी. आकडा हवा असेल, तर छिद्र पाडण्याच्या उभ्या यंत्राखाली घरगुती वजनकाटा ठेवून त्यावर स्प्रिंग उभी करावी आणि मोजपट्टीवर पाहत ती हव्या त्या लांबीपर्यंत दाबावी. शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग चांगला वठतो. मात्र दबलेली स्प्रिंग निसटल्यास इजा होते, म्हणून तो शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

आतापर्यंत स्प्रिंग ही आज्ञाधारक वस्तू आहे असे आपण धरून चाललो. वस्तुतः तिला स्वतःचा स्वभाव आहे. तारेला छेडल्यावर ती ज्याप्रमाणे आपल्या ठराविक स्वरात वाजते, त्याप्रमाणे स्प्रिंगचीही एक स्वाभाविक कंप्रता असते, म्हणजे ती सेकंदाला ठराविक कंपने करते. ही संख्या ५०० असेल आणि कॅम सेकंदाला ५० झटके देत असेल, तर दर दहाव्या कंपनाला कॅमचा झटका नेमका वेळेवर येऊन मिळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावावा, तशी वेढ्यांची हालचाल वाढत जाते. स्प्रिंगमधून लाटा धावू लागतात आणि काही क्षणांपुरता तिचा भार हिशोबापेक्षा पुष्कळ कमी होतो. कागदावर पुरेशी ठरलेली स्प्रिंग एखाद्या विशिष्ट वेगालाच का फसते, ह्याचे उत्तर बहुधा येथे सापडते. कूपर एस मध्ये प्रत्येक झडपेला एकात एक अशा दोन स्प्रिंगा दिल्या होत्या. दोहोंची कंप्रता वेगळी असल्याने दोघी एकाच वेळी बेभान होत नाहीत, आणि एक तुटली तरी दुसरी झडपेला सिलिंडरात पडू देत नाही. आतली स्प्रिंग बाहेरचीच्या उलट दिशेने गुंडाळतात, म्हणजे एकीचा वेढा दुसरीच्या फटीत अडकत नाही. काही स्प्रिंगांचे एका टोकाकडील वेढे दाट असतात; ते टोक नेहमी हेडच्या बाजूस, न हलणाऱ्या ठिकाणी बसवावे. उलटे बसविल्यास हलणारे वजन विनाकारण वाढते.

स्प्रिंगला टाळण्याचे प्रयत्नही झाले. १९५४ च्या मर्सिडीझ शर्यतीच्या गाडीत झडप मिटविण्यासाठीही दुसरा कॅमच योजिला होता, आणि १९८६ साली रेनोच्या शर्यतीच्या एंजिनात पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबलेला वायू आला. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला ह्यांचा उपयोग नाही. तिथे तार हीच तारक. आणि ही तारही जपून हाताळावी लागते. एका तासात ती १,८०,००० वेळा दबते, म्हणून तिच्या पृष्ठभागावरचा पकडीचा एखादा ओरखडाही शिणवट्याची सुरुवात ठरतो व तेथूनच ती पुढे तुटते.

सर्व जुळवून एंजिन बंद केल्यावर पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. नवा कॅम व नवे टॅपेट एकमेकांवर अजून बसलेले नसतात. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी किंचित फुगीर असतो व कॅमला अतिशय अल्प उतार असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एकाच ठिकाणी होत नाही. हे फिरणे चांगले सुरू व्हावे आणि माथ्यावरचा दाब हलका राहावा, म्हणून एंजिन सुरू होताच ते मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर न्यावे व वीस मिनिटे तेथेच, थोडे वरखाली करीत, चालवावे. संथ फिरू देऊ नये. दुहेरी स्प्रिंग असल्यास पुष्कळ कारागीर ह्या वेळेपुरती आतली स्प्रिंग काढूनच ठेवतात. तेलाकडेही लक्ष द्यावे. जस्त व फॉस्फरस असलेले एक संयुग पूर्वीच्या तेलांत भरपूर असे. ते धातूवर संरक्षक थर धरते. धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांना फॉस्फरसने अपाय होतो, म्हणून अलीकडच्या गाड्यांच्या तेलांत त्याचे प्रमाण कमी केले आहे. सपाट टॅपेटच्या जुन्या एंजिनाला ते संयुग पुरेसे असलेले तेलच घालावे.

पहिले काही शे किलोमीटर झाल्यावर रॉकरवरील झाकण पुन्हा उघडून आठही झडपांपाशी फटीचे माप घ्यावे. सात फटी होत्या तशा आणि आठवी वाढलेली आढळली, तर स्क्रू फिरवून ती नुसती पूर्ववत करू नये. त्या झडपेखालचा कॅम झिजत आहे. टॅपेट काढून त्याचा तळ उजेडात पाहावा, आणि त्या स्प्रिंगची लांबी व भार पुन्हा मोजावा.